कंट्रोल-सी दाबल्यावर काय व्हायला हवं? लांब चालणाऱ्या लूपविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासन्‌तास चालणारा लूप लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. हजारो फाइलींवर प्रक्रिया करणारी स्क्रिप्ट, डेटाबेसमध्ये रेकॉर्ड भरणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालणारं मॉडेलचं ट्रेनिंग, काहीही. उदाहरणं बहुतेक पायथन आणि लिनक्सची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. जिथे प्रत्यक्ष उदाहरण लागलं तिथे मी माझ्याच एका स्क्रिप्टचं घेतलं आहे: जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) देऊन त्यातला मजकूर काढायचा. एका पानाला काही सेकंद लागतात आणि पानं हजारोंनी असतात. अशी स्क्रिप्ट मध्येच थांबवायची वेळ येतेच. ती कशी थांबते, यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी जाणार ते ठरतं.

कंट्रोल-सी दाबल्यावर नेमकं होतं काय?

दाबलेली कळ थेट प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. मध्ये टर्मिनल असतं. ॲस्कीमध्ये कंट्रोल-सी म्हणजे ३ क्रमांकाचं अक्षर. कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) टर्मिनल सांभाळणारा भाग ते अक्षर ओळखतो, स्वतःकडेच ठेवतो आणि त्याच्याऐवजी समोर चालू असलेल्या प्रोसेसच्या अख्ख्या गटाला सिगइंट नावाचा सिग्नल पाठवतो. या सिग्नलचा क्रमांक २. ‘अख्ख्या गटाला’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

सिग्नल आला की काय करायचं हे प्रोग्रॅमने आधी सांगून ठेवलं नसेल, तर कर्नल त्याला तिथल्या तिथे संपवतो. सांगून ठेवलं असेल तर ते फंक्शन चालतं, त्याला हँडलर म्हणतात. सिगइंट आणि सिगटर्म (प्रोग्रॅमला ‘आता थांब’ असं सांगणारा सिग्नल) या दोन्हींना असा हँडलर लावता येतो. क्रमांक ९ च्या सिगकिलला मात्र लावता येत नाही. तो आला की प्रोग्रॅमला शेवटचा शब्दही बोलायला मिळत नाही.

पायथनमधला कीबोर्डइंटरप्ट मग कुठून येतो?

पायथन सुरू होतानाच सिगइंटसाठी स्वतःचा हँडलर लावून ठेवतं. सिग्नल आला की आतला सी भाषेतला कोड फक्त एक खूण करून ठेवतो. नंतर मुख्य थ्रेड बाइटकोड चालवताना योग्य जागी पोचला की ती खूण पाहतो आणि कीबोर्डइंटरप्ट हे एक्सेप्शन उठवतो. म्हणजे कळ दाबली तो क्षण आणि एक्सेप्शन उठलं तो क्षण यांत थोडं अंतर असतं. पुढचे बरेच प्रश्न या अंतरातूनच येतात.

माझी स्क्रिप्ट कंट्रोल-सीला जुमानतच नाही. का?

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा दोष एका ओळीत सापडतो: नुसतं ‘एक्सेप्ट’, पुढे कोणत्याही एक्सेप्शनचं नाव नाही, आणि त्याखाली ‘कंटिन्यू’. नेटवर्कचा एखादा अडथळा आला तर पुन्हा प्रयत्न करावा, एवढाच लिहिणाऱ्याचा हेतू असतो. पण नुसतं एक्सेप्ट सगळंच पकडतं, कीबोर्डइंटरप्टसुद्धा. तुम्ही कंट्रोल-सी दाबता, स्क्रिप्टला वाटतं सर्व्हरने उत्तर दिलं नाही, आणि ती पुढच्या फेरीला लागते. तुम्ही पुन्हा दाबता, ती पुन्हा पुढे जाते. शेवटी माणूस वैतागून किल नऊ (म्हणजे सिगकिल) मारतो आणि मग जे नुकसान व्हायचं ते होतंच.

नुसत्या एक्सेप्टऐवजी ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहा. पायथन २.५ पासून कीबोर्डइंटरप्ट हा एक्सेप्शन या वर्गाखाली येत नाही, थेट बेसएक्सेप्शनखाली येतो. तो बदल नेमका याच कारणासाठी झाला. त्यामुळे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ तुमच्या कंट्रोल-सीला अडवत नाही.

हे नसेल तर दुसरं कारण पाहा. मुख्य थ्रेड सी भाषेतल्या एखाद्या लांबलचक कामात अडकलेला असतो, उदाहरणार्थ नमपायमधला मोठा मॅट्रिक्स गुणाकार. ते काम संपून पायथनकडे ताबा परत येईपर्यंत खूण नुसती पडून राहते. उपाय म्हणजे कामाचे तुकडे लहान करणं.

तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. शेल स्क्रिप्टमधून ‘अँड’ चिन्ह (&) लावून पार्श्वभूमीला सोडलेल्या प्रोग्रॅमला शेल सिगइंट दुर्लक्षित करायला सांगूनच सुरू करतं. पायथन हे सुरुवातीलाच तपासतं, आणि सिगइंट आधीच दुर्लक्षित असेल तर स्वतःचा हँडलर लावत नाही. मग कीबोर्डइंटरप्ट उठायचा प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी हँडलर स्वतः उघडपणे लावावा लागतो.

लूपभोवती ट्राय लावून कीबोर्डइंटरप्ट पकडला की काम झालं ना?

छोट्या कामाला चालतं. पण तुमचा लूप काही लिहीत असेल, जमा करत असेल, बदलत असेल, तर नाही.

कीबोर्डइंटरप्ट कुठेही उठू शकतो: दोन ओळींच्या मध्ये, एका ओळीच्या आत, तुम्ही आयात केलेल्या लायब्ररीच्या पोटात, अगदी फायनली ब्लॉकच्या आतसुद्धा. म्हणजे ‘थांबताना सगळं नीट जतन करू’ म्हणून लिहिलेला कोडच दुसऱ्या कंट्रोल-सीने अर्धवट तुटू शकतो.

माझ्या बाबतीत झालं ते सांगतो. स्क्रिप्ट प्रत्येक पानानंतर सगळा मजकूर एकाच जेसन फाइलमध्ये नव्याने लिहीत होती. संध्याकाळी निघताना मी कंट्रोल-सी दाबलं. स्क्रीनवर नेहमीसारखा संदेश आला, मी लॅपटॉप बंद केला. सकाळी स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली तर फाइल वाचताच येईना. उघडून पाहिली. शेवटची ओळ अशी होती:

"पान": २१२, "मजकूर":

आणि पुढे काहीच नाही. अपूर्णविरामावर फाइल संपलेली. फाइल लिहिण्यासाठी उघडली त्या क्षणी जुना मजकूर पुसला गेला होता, नवा पूर्ण उतरायच्या आत इंटरप्ट आला होता. २१२ नंतरची, आदल्या दिवशी वाचून झालेली सगळी पानं गेली. ट्राय-एक्सेप्ट होतं, त्यात ‘थांबवले’ असा संदेशही होता. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मग बरोबर पद्धत कोणती?

कंट्रोल-सी ही विनंती समजा. कुठे थांबायचं ते लूपला ठरवू द्या. पोळी तव्यावर असताना दारावरची बेल वाजली तर आपण पोळी उतरवतो, गॅस बारीक करतो आणि मग दार उघडतो. लूपनेही हेच करावं: हातातलं पान पूर्ण करायचं, लिहायचं, आणि मग थांबायचं.

त्यासाठी हँडलरमध्ये फक्त एक झेंडा वर करायचा. बाकीचं सगळं लूपमध्ये:

थांबायचंय = नाही

सिगइंट आला की:
    थांबायचंय = हो

प्रत्येक पानासाठी:
    थांबायचंय असेल तर लूपबाहेर पड
    पान वाच
    मजकूर लिही
    पान झाल्याची नोंद कर

शेवटी: किती पानं झाली ते सांग, बाहेर पड

पायथनमध्ये हँडलर लावायचं काम सिग्नल मॉड्यूलमधलं त्याच नावाचं फंक्शन करतं. ते मुख्य थ्रेडमधूनच बोलवावं लागतं, दुसऱ्या थ्रेडमधून बोलवलं तर व्हॅल्यूएरर मिळतो. झेंडा तपासायची जागा लूपच्या सुरुवातीला ठेवा, कारण तिथे मागचं काम पूर्ण झालेलं असतं आणि पुढचं सुरू झालेलं नसतं. एक फेरीच दहा-वीस मिनिटांची असेल तर फेरीच्या आतही एक-दोन सुरक्षित जागा शोधा आणि तिथे तपासा. सुरक्षित जागा म्हणजे अशी, की तिथून बाहेर पडलं तर डिस्कवरचा डेटा जसा आहे तसा खरा आणि पूर्ण असेल.

हँडलरमध्येच फाइल बंद करून, संदेश छापून बाहेर पडलं तर?

नको. हँडलर केव्हा चालेल यावर तुमचं नियंत्रण नसतं. तुम्ही स्क्रीनवर ओळ छापत असताना हँडलर आला आणि त्यानेही तिथेच छापायला घेतलं, तर पायथन ‘रीएंट्रंट कॉल’ म्हणून रनटाइमएरर देऊ शकतं. सी भाषेत हे आणखी धोक्याचं. तिथे हँडलरमधून प्रिंटएफ किंवा मॅलॉक बोलवायचंच नसतं, कारण मॅलॉक अर्ध्यावर असताना पुन्हा मॅलॉक आला तर प्रोग्रॅम कायमचा अडकू शकतो. सी मध्ये ‘व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी’ प्रकारचं एक चल, त्यात १ लिहायचा आणि परत. एवढंच.

ताबडतोब काही दाखवायचंच असेल तर ओएस मॉड्यूलमधलं राइट वापरा. ते थेट बाइट लिहितं, पायथनच्या बफरमध्ये गुंतत नाही. मराठी संदेश असेल तर आधी यूटीएफ-८ मध्ये बदलून द्या.

झेंडा वर गेला तरी स्क्रिप्ट मिनिटभर थांबत नाही. लूपमध्ये साठ सेकंदांचा स्लीप आहे.

पायथन ३.५ च्या आधी सिग्नल आला की स्लीप मध्येच संपायचा. ३.५ पासून नियम बदलला: हँडलरने एक्सेप्शन उठवलं नाही तर उरलेला वेळ पूर्ण झोप होते. एरवी हा बदल फार चांगला आहे, कारण सिग्नलमुळे तुटलेले सिस्टिम कॉल आपोआप पुन्हा चालवले जातात आणि आपल्याला प्रत्येक ठिकाणी ते हाताळत बसावं लागत नाही. पण आपला हँडलर झेंडा वर करून गुपचूप परत येतो, म्हणून झोप चालूच राहते.

साठ सेकंदांच्या ऐवजी एकेक सेकंद साठ वेळा झोपा आणि प्रत्येक वेळी झेंडा पाहा. दिसायला साधं आहे, चालतं पक्कं. नेटवर्कच्या प्रत्येक विनंतीलाही कालमर्यादा द्या. मर्यादा न देता उघडलेलं कनेक्शन तुमचा झेंडा कितीही वेळ अडवून ठेवू शकतं.

वापरणाऱ्याला खरंच लगेच बाहेर पडायचं असेल तर?

तर त्याला पडू द्या. हा हक्क काढून घेणं मला अजिबात मान्य नाही. मशीन माणसाचं आहे. पहिल्या कंट्रोल-सीला झेंडा वर करा आणि त्याच हँडलरमध्ये सिगइंटसाठी पायथनची मूळ वागणूक (कीबोर्डइंटरप्ट उठवणं) परत लावून ठेवा. मग दुसरं कंट्रोल-सी आलं की प्रोग्रॅम तिथेच संपेल. आणि हे त्याला सांगा. नाहीतर पहिल्यांदा दाबून काही हललं नाही की माणूस घाईघाईत पुन्हा दाबतोच, आणि नेमकं हातातलं पान लिहून होत असताना ते तुटतं.

स्क्रीनवर नेमकं काय लिहावं?

तीन गोष्टी: ऐकू आलं, आता काय चाललंय, आणि घाई असेल तर काय करायचं. माझी स्क्रिप्ट हे लिहिते:

थांबतोय. पान ३१८ पूर्ण करून बाहेर पडेन, साधारण ५ सेकंद. लगेच थांबायचं असेल तर पुन्हा कंट्रोल-सी (पान ३१८ पुन्हा करावं लागेल).

आणि बाहेर पडताना:

३१८ पानं झाली, सगळी जतन. पुढच्या वेळी ३१९ पासून सुरुवात.

चाळीस ओळींच्या ट्रेसबॅकने (प्रोग्रॅम कुठे तुटला ते दाखवणाऱ्या यादीने) माणूस घाबरतो, आपण काहीतरी मोडलं असं त्याला वाटतं. ही स्क्रिप्ट माझ्याशिवाय ग्रंथालयात काम करणारी दोन माणसं चालवतात, त्यांना पायथन येत नाही. त्यांना फक्त आपलं दिवसभराचं काम सुरक्षित आहे का, एवढंच कळायला हवं असतं. ते मराठीत, एका ओळीत कळलं पाहिजे.

फाइल अर्धवट राहू नये यासाठी काय करायचं?

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, बफर रिकामा करा, एफसिंक करून डेटा डिस्कवर उतरला याची खात्री करा, आणि मग ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने तिला मूळ नाव द्या. लिनक्सवर एकाच फाइल सिस्टिममध्ये हे नामांतर अखंड असतं: वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी, अर्धी कधीच नाही. ‘त्याच फोल्डरमध्ये’ हे महत्त्वाचं आहे. तात्पुरती फाइल टेम्पमध्ये लिहिली आणि टेम्प वेगळ्या डिस्कवर असलं, तर रिप्लेस सरळ एरर देईल.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे एकच मोठी फाइल टाळणं. मी आता प्रत्येक पानाची स्वतंत्र मजकूर फाइल करतो. ज्यांना एकच फाइल हवी त्यांनी प्रत्येक ओळीत एक जेसन नोंद ठेवावी आणि फक्त शेवटी भर घालत जावं. फार तर शेवटची ओळ खराब होईल, ती वाचताना गाळता येते. एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) वापरत असाल तर एका पानाचं सगळं लिखाण एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, बाकीचं ते सांभाळतं.

कुठवर आलो ते कसं लक्षात ठेवायचं?

आधी डेटा, मग खूण. हा क्रम उलटा झाला तर घात होतो. खूण आधी केली, ‘पान ३१९ झालं’ असं लिहिलं, आणि मजकूर उतरायच्या आत प्रोग्रॅम गेला, तर ३१९ कायमचं गळालं. कुणाला कळणारही नाही. पुस्तक वाचणाऱ्याला एक दिवस ३१८ नंतर थेट ३२० दिसेल. डेटा आधी लिहिला आणि खूण राहून गेली, तर फार तर ३१९ पुन्हा एकदा केलं जाईल. काही सेकंद वाया जातील, एवढंच.

पण त्यासाठी तेच पान दुसऱ्यांदा केल्याने काही बिघडता कामा नये. मजकूर जुन्याच्या जागी लिहिला जात असेल तर ठीक. मागे जोडला जात असेल तर पान दोनदा येईल. ईमेल पाठवणारा किंवा पैसे वळते करणारा लूप असेल तर इथे फार काळजी घ्यावी लागते: प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक द्या आणि करण्याआधी तो क्रमांक आधी झालाय का ते तपासा.

पानागणिक वेगळी फाइल असेल तर वेगळी खूणही लागत नाही. फाइल आहे म्हणजे पान झालं. मात्र ती फाइल वर सांगितल्याप्रमाणे नामांतरानेच अवतरली पाहिजे.

हे एकदा नीट बसवलं की कंट्रोल-सीपलीकडचा फायदाही मिळतो. गावाकडे दुपारी लाइट गेली, मशीन बंद पडलं, कुणी किल नऊ मारला, तरी स्क्रिप्ट जिथे होती तिथून उठते. झेंडा सभ्यपणे थांबण्यासाठी आहे, डेटा वाचवण्याचं काम या क्रमावर सोपवा.

झेंडा लावला, तरी टेसरॅक्ट मध्येच मरतो. असं का?

आता सुरुवातीचे ते शब्द आठवा: सिग्नल अख्ख्या गटाला जातो. तुमच्या स्क्रिप्टने सुरू केलेला टेसरॅक्ट, एफएफएमपेग, कर्ल, जे काही असेल ते त्याच गटात असतं. तुमची स्क्रिप्ट शांतपणे झेंडा वर करते, पण टेसरॅक्टने काही सांगून ठेवलेलं नसतं, म्हणून तो तिथेच संपतो. स्क्रिप्टला रिकामं किंवा तुटकं उत्तर मिळतं आणि ती ते ‘पूर्ण झालेलं पान’ म्हणून लिहून टाकते. हा दोष फार दिवस लपून राहतो, कारण एरर कुठेच दिसत नाही.

सबप्रोसेस सुरू करताना ‘स्टार्ट-न्यू-सेशन’ हा पर्याय चालू करा. मग तो प्रोग्रॅम वेगळ्या गटात जातो आणि कंट्रोल-सी त्याच्यापर्यंत पोचत नाही. पण मग त्याची जबाबदारी तुमची: दुसऱ्या कंट्रोल-सीला बाहेर पडताना त्यालाही स्वतः संपवा, नाहीतर तो मागे अनाथ चालत राहील. आणि काहीही असो, त्याचा एक्झिट कोड शून्य आहे हे पाहिल्याशिवाय मजकूर लिहू नका.

मल्टिप्रोसेसिंगमध्ये एका कंट्रोल-सीला आठ ट्रेसबॅक येतात.

कारण तेच, गट. आठही कामगार प्रोसेसना सिगइंट मिळतो आणि आठही जण कीबोर्डइंटरप्ट उठवतात. पूल (कामगार प्रोसेसचा संच) तयार करताना इनिशियलायझर म्हणून एक छोटं फंक्शन द्या, त्यात सिगइंट दुर्लक्षित करा. निर्णय फक्त मूळ प्रोसेसने घ्यायचा: नवं काम वाटणं बंद करायचं, हातातलं संपू द्यायचं. कॉनकरंट फ्युचर्स वापरत असाल तर पायथन ३.९ पासून शटडाउनला ‘कॅन्सल-फ्युचर्स’ सांगता येतं. रांगेत थांबलेली कामं रद्द होतात, चालू असलेली पूर्ण होतात. आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

थ्रेडचं काय?

कीबोर्डइंटरप्ट फक्त मुख्य थ्रेडला मिळतो. बाकीचे थ्रेड आपलं काम करत राहतात आणि ते साधे थ्रेड असतील तर संपेपर्यंत प्रोग्रॅमही बाहेर पडत नाही. सगळ्यांना तोच झेंडा वाचू द्या. थ्रेडला डेमन (प्रोग्रॅमने ज्याच्यासाठी थांबायचं नाही असा) केल्याने प्रोग्रॅम लगेच बंद होतो खरा, पण ते थ्रेड वाक्याच्या मध्यावर तुटतात. लिहिणाऱ्या थ्रेडला कधीच डेमन करू नका.

असिंकआयओ?

पायथन ३.११ पासून असिंकआयओच्या रनने चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये पहिलं कंट्रोल-सी मुख्य टास्कला रद्द करतं, म्हणजे तुम्ही जिथे ‘अवेट’ करत आहात तिथे कॅन्सल्डएरर उठतो. तो गिळू नका. साफसफाई करा आणि पुन्हा उठवा.

बाहेर पडताना एक्झिट कोड कोणता द्यायचा?

सिगइंटने संपलेल्या प्रोग्रॅमसाठी शेल १३० दाखवतं: १२८ अधिक २. सिगटर्मसाठी १४३, सिगकिलसाठी १३७. शून्य कधीच देऊ नका, कारण काम पूर्ण झालेलं नाही आणि पुढची पायरी शून्य पाहून सुरू होईल.

यात एक बारकावा आहे. बॅशच्या फॉर लूपमधून तुमचा प्रोग्रॅम चालत असेल आणि कंट्रोल-सी आलं, तर बॅश तुमच्या प्रोग्रॅमची वाट पाहतं. प्रोग्रॅम खरोखर सिगइंटने मेला तर बॅशही लूप सोडतं. पण प्रोग्रॅम आपणहून १३० देऊन परतला, तर बॅशला वाटतं यानं कंट्रोल-सी स्वतःच्या कामासाठी वापरलं, आणि ते पुढच्या फाइलीला लागतं. म्हणून आवरासावर झाल्यावर सिगइंटची मूळ वागणूक परत लावा आणि स्वतःलाच सिगइंट पाठवा. न पकडलेल्या कीबोर्डइंटरप्टच्या बाबतीत पायथन ३.८ पासून हेच करतं.

सर्व्हरवर कुणी कंट्रोल-सी दाबत नाही. तिथे हे लागतं का?

तिथे तर जास्त लागतं, फक्त सिग्नलचं नाव बदलतं. सर्व्हर, कंटेनर, सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) हे सगळे थांबवताना आधी सिगटर्म पाठवतात, थोडा वेळ थांबतात आणि मग सिगकिल मारतात. मूळ सेटिंगनुसार कंटेनर चालवणारं डॉकर १० सेकंद थांबतं, अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस ३०, सिस्टिमडी ९०. पायथन सिगटर्मसाठी आपणहून काहीच लावत नाही, म्हणून सिगटर्म आल्यावर प्रोग्रॅम जागीच संपतो आणि फायनलीसुद्धा चालत नाही. सिगइंटचाच हँडलर सिगटर्मलाही लावा. एक ओळ जास्त.

मग हिशेब करा: तुमची एक फेरी किती सेकंदांची? ती ४० सेकंदांची असेल आणि डॉकर १० च देत असेल, तर झेंडा असून नसल्यासारखा. एकतर डॉकरला जास्त वेळ द्यायला सांगा किंवा काम बारीक करा.

डॉकरची आणखी एक खोच आहे. कंटेनरमधला पहिला प्रोग्रॅम म्हणजे १ क्रमांकाची प्रोसेस, आणि तिने हँडलर लावला नसेल तर कर्नल तिच्यासाठी सिगटर्मकडे दुर्लक्ष करतो. म्हणून हँडलर नसलेली पायथन स्क्रिप्ट डॉकर स्टॉपला दहा सेकंद नुसती चालत राहते आणि मग मारली जाते. ‘डॉकर थांबायला नेहमी दहा सेकंद का घेतं?’ असं वाटत असेल तर पहिलं हेच तपासा.

एसएसएच तुटलं की स्क्रिप्ट मरते.

तो सिगहप, क्रमांक १. टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा. कनेक्शन गेलं तरी स्क्रिप्ट चालू राहते, आणि परत जोडलं की कंट्रोल-सी पहिल्यासारखंच काम करतं.

ज्युपिटरमधलं थांबवायचं बटण?

तेही ज्युपिटरच्या कर्नलला (इथे कर्नल म्हणजे तुमचा कोड चालवणारी प्रोसेस) सिगइंटच पाठवतं. सेल थांबतो, व्हेरिएबल जिवंत राहतात. सेलमध्ये स्वतःचा हँडलर लावलात तर काम झाल्यावर जुना परत लावा.

विंडोजवर?

कंट्रोल-सीला कीबोर्डइंटरप्ट तिथेही मिळतो आणि झेंड्याची पद्धत तशीच चालते. सिगटर्मचा भरवसा मात्र नाही. तिथे पायथनमधून दुसऱ्या प्रोसेसला सिगटर्म पाठवला तर ती सरळ मारली जाते, हँडलर चालत नाही. त्यामुळे विंडोजवर ‘आधी डेटा, मग खूण’ हा क्रम आणखी कसोशीने पाळा.

हे सगळं नीट बसलंय का, ते कसं तपासायचं?

हाताने दोन-तीनदा कंट्रोल-सी दाबून समाधान मानू नका. माणूस नेहमी त्याच लयीत दाबतो, आणि दोष नेमके दोन लयींच्या फटीत असतात. मी असं करतो: पन्नास पानांचा एक छोटा संच घेतो आणि तो एकदा न थांबवता पूर्ण करून निकाल बाजूला ठेवतो. मग तोच संच टाइमआउट या कमांडने चालवतो. तिला ‘इतक्या सेकंदांनी सिगइंट दे’ असं सांगता येतं. सेकंद दरवेळी यादृच्छिक, कधी एक, कधी सात. स्क्रिप्ट थांबली की पुन्हा सुरू, पुन्हा थांबव, असं पन्नास पानं पूर्ण होईपर्यंत. शेवटी दोन्ही निकाल डिफने ताडून पाहतो. एका अक्षराचाही फरक चालत नाही. मग हेच सगळं सिगकिल देऊन.

पहिल्यांदा ही चाचणी चालवली तेव्हा सिगइंटला सगळं बरोबर आलं. सिगकिलला मात्र पान १७ दोनदा आलं. तेव्हा मी मजकूर एकाच फाइलीच्या शेवटी जोडत होतो, आणि जोडणं व खूण करणं यांच्या मधल्या क्षणी स्क्रिप्ट मारली गेली होती. पानागणिक वेगळी फाइल मी त्या दिवसापासून करायला लागलो.